विश्वासानेंच तारण : अर्थ आणि पारख

मराठींत ‘तारण’ हा शब्द दोन अगदीं निराळ्या ठिकाणीं वापरला जातो. सावकाराच्या ओटीवर तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठीं ठेवून घेतलेली वस्तु : गळ्यांतील पोत, बैलांची जोडी, शेताचा तुकडा. ख्रिस्ती उपासनामंदिरांत तारण म्हणजे पापाच्या बंधनांतून मनुष्याची सुटका. पहिल्या अर्थीं कांहींतरी अडकून पडतें. दुसऱ्या अर्थीं अडकलेलें मोकळें होतें. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले, सुटकेच्या नांवाखालीं पुन्हां गहाणवट सुरू झाली, कीं ख्रिस्ती धर्मशास्त्र जिला ‘खोटी शिकवण’ म्हणतें ती जन्मास येते. ‘केवळ विश्वासानें तारण’ हा सिद्धान्त काय आहे, आणि त्याभोंवतीं एवढा पहारा कां ठेवावा लागतो, हें समजण्यास हा एकच शब्द पुरेसा दाखला आहे.

दाखल्याची जागाही जवळचीच घ्यावी. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुका मुंबईकरांस ठाऊक असतो तो पाण्यामुळें. १८९२ सालचा तानसा तलाव आणि भातसा धरण तेथेंच आहेत. मुरबाड तालुका ठाऊक असतो तो माळशेज घाटाच्या वाटेमुळें. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाला, तरी हे दोन तालुके ठाण्यांतच राहिले. माहुलीच्या पायथ्यापासून नाणेघाटाच्या उतारापर्यंत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. म्हशाच्या पौषी यात्रेंत गुरांचा मोठा बाजार भरतो, आणि त्याच यात्रेंत नवसही फेडले जातात. ख्रिस्ती लोक येथें संख्येनें थोडे. परंतु कर्ज म्हणजे काय, आणि तें न फिटणें म्हणजे काय, हें या भागाला कोणीं शिकवावयास नको.

ठाणें जिल्ह्याच्या आदिवासी भागांत कर्ज आणि बंधन यांची जोडी फार जुनी. लग्नासाठीं थोडे रुपये उचलावे, आणि त्यांच्या फेडीसाठीं नवराबायकोनें सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षें राबावें, अशी वेठबिगारीची रीत होती. व्याज किती चढलें, मुद्दल किती उरलें, हें सर्व सावकाराच्या वहींत. आणि ती वही ऋणकोला वाचतां येत नसे. १९७६ सालीं संसदेनें वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा केला. त्यांतील दोन कलमें येथें विशेष लक्षांत घेण्यासारखीं आहेत. पहिल्यानें वेठबिगाराचें तें कर्जच नाहींसें केलें. दुसऱ्यानें असें ठरविलें, कीं नाहींशा झालेल्या कर्जापोटीं जो कोणी पुन्हां वसुली घेईल त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड व्हावा.

या कायद्यानें सुटलेला मजूर कर्ज फेडून सुटला नाहीं. त्याच्या अंगचा गुण पाहून त्याला कोणी सोडलें, असेंही नाहीं. बाहेरून एक घोषणा झाली, आणि ती त्याला लागू होती, एवढेंच. त्याच्याकडे उरलें तें एकच काम : ती घोषणा ऐकणें आणि तिच्यावर भरंवसा ठेवून मालकाच्या शेतांतून बाहेर पडणें. जोंपर्यंत ती त्याच्या कानीं आली नाहीं, किंवा कानीं येऊनही खरी वाटली नाहीं, तोंपर्यंत तो कायद्यानें मोकळा आणि प्रत्यक्षांत बांधलेलाच राहिला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेनें ठाणें जिल्ह्यांत वेठबिगारांच्या मुक्तीचें काम हातीं घेतलें, तेव्हां कायदा होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं. तरीही सोडविण्यासारखीं माणसें शिल्लक होतीं.

ख्रिस्ती धर्मांतील ‘शुभवर्तमान’ या शब्दाचा अर्थ नेमका असाच आहे. तो उपदेश होण्यापूर्वीं एक बातमी आहे. मनुष्य ईश्वराचा ऋणी आहे, तें ऋण त्याच्या पुण्यसंचयानें फिटण्याजोगें नाहीं, आणि येशु ख्रिस्तानें आपल्या मरणानें तें फेडलें आहे, अशी ती बातमी. तारणाचा उगम ईश्वराच्या कृपेंत; विश्वास हा केवळ तें घेण्यासाठीं पुढें केलेला हात. भिक्षा घेणाऱ्याच्या हातानें धान्य पिकविलेलें नसतें. तरी हात पुढें केल्यावांचून तें पदरांत पडत नाहीं. ‘केवळ विश्वासानें’ यांतील ‘केवळ’ या शब्दाचें तात्पर्य एवढेंच, कीं त्या हातांत आपलें नाणें असण्याची गरज नाहीं. विश्वास म्हणजे एखादें मत मान्य करणें एवढेंच नव्हे. ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याच्या स्वाधीन होणेंही त्यांत येतें. संतवाङ्मयांत वाढलेल्या मराठी मनाला ही भाषा सर्वस्वीं परकी वाटत नाहीं. १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले कवि नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें सांगत, तें यामुळेंच. दोन्ही मार्ग एकच आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. परंतु शरण जाणें हा शब्द त्यांना नव्यानें शिकावा लागला नाहीं.

हा सिद्धान्त पहिल्याच शतकांत वादांत सांपडला. आजच्या तुर्कस्तानांत असलेल्या गलतिया प्रांतांत पौलानें मंडळ्या स्थापन केल्या. तो पुढें निघून गेल्यावर तेथें कांहीं उपदेशक आले. त्यांनीं ख्रिस्ताला नाकारलें नाहीं. ख्रिस्तावर विश्वास ठेवा, पण त्याबरोबर सुंता करून घ्या आणि यहुदी नियमही पाळा, नाहींतर तारण अपुरें राहील, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पौलानें गलतीकरांस लिहिलेलें पत्र त्याच्या पत्रांमध्यें सर्वांत कडक आहे. या शुभवर्तमानाहून निराळें कांहीं स्वर्गांतील दूतानें जरी सांगितलें, किंवा स्वतः आपणच पुढें सांगितलें, तरी तें स्वीकारूं नका, असें तो बजावतो. एवढ्या कडकपणाचें कारण उघड आहे. फिटलेल्या कर्जावर एक पैसाही अधिक मागितला, तर कर्ज फिटलेलें नव्हतें असाच त्याचा अर्थ होतो. तेथें ‘थोडीशी भर’ असें कांहीं नसतें. भर घालणें म्हणजे मूळच रद्द करणें.

पंधराशें वर्षांनीं हाच वाद युरोपांत पेटला. रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठीं द्रव्य गोळा करतांना पापदंडाच्या माफीचीं पत्रें विकलीं जात होतीं. मार्टिन ल्यूथरनें ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढें १५२२ सालीं त्याचा नव्या कराराचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यांत रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत त्यानें ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्यें तो शब्द नाहीं, असा आक्षेप लगेच आला. वाक्याचा अर्थ जर्मन भाषेंत स्पष्ट होण्यास तो हवाच, असें ल्यूथरचें उत्तर होतें. १५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें त्याची मांडणी नाकारली. मात्र तारणाचा आरंभ कृपेंतच आहे, आणि तें स्वतःच्या कृत्यांनीं कमावतां येत नाहीं, हें तिनेंही मान्य केलें. शेवटीं ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें कॅथॉलिक आणि ल्यूथरपंथी प्रतिनिधींनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण हें आपल्या गुणांमुळें नव्हे तर ईश्वराच्या कृपेनें मिळतें, या मूळ गोष्टीविषयीं दोघांचें एकमत तींत नमूद आहे. २००६ सालीं मेथॉडिस्ट मंडळ्यांनींही तिला संमति दिली. वसईच्या जुन्या कॅथॉलिक गांवांतील आणि अहमदनगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील मतभेद त्यानें संपले नाहींत. परंतु तारण विकत मिळतें असें म्हणणाऱ्याला दोन्ही घरांत जागा नाहीं, एवढें निश्चित झालें.

येथें एक शंका स्वाभाविकपणें येते. तारण फुकट असेल, तर मनुष्यानें चांगलें वागावें तरी कशाला ? ही शंकाही पहिल्या शतकापासूनची आहे. याकोबाचें पत्र स्पष्ट सांगतें, कीं कृतीवांचून असलेला विश्वास मेलेला आहे. पौल आणि याकोब यांत वरवर विरोध दिसतो. तो दोघांचे प्रश्न निरनिराळे असल्यामुळें. झाड कशानें जगलें, असें पौलाला विचारलें आहे. झाड जिवंत आहे हें कशावरून ओळखावें, असें याकोबाला. मूळ आणि फळ दोन्हीं झाडालाच लागतात, परंतु फळें बांधून झाड जगवितां येत नाहीं.

महाराष्ट्रांत या सिद्धान्ताचा सर्वांत बोलका पुरावा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत सांपडतो. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं फिरत, पुराणें सांगत, दानधर्म करीत, उपासतापास करीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईवडील दगावले. पुढें रमाबाईंनीं कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या. त्या विवाहित झाल्या, विधवा झाल्या, आणि १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या. लंडनमध्यें समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी ममतेनें करीत आहेत, हें त्यांनीं पाहिलें. त्याचें मूळ विचारतां त्यांना येशु आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यांत आली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु कथा तेथें संपत नाहीं, आणि येथील मुद्दा नेमका पुढेंच आहे. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत रमाबाई सांगतात, कीं बाप्तिस्म्यानंतरही सुमारें आठ वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विधि झाले होते, मतें पटलीं होतीं, मन मात्र अस्वस्थ होतें. विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ पाळक होऊन कैक वर्षें लोटल्यावर, स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करीत असतां, पहिल्यानें विश्वासाला आला होता. धर्मांत असणें आणि तारण पावणें या दोन गोष्टी निराळ्या असूं शकतात, हें रमाबाईंच्या ध्यानांत आलें. १८९१ सालीं, आपण आहों तशाच ईश्वराजवळ जावयाचें, कांहीं मिळवून मग जावयाचें नाहीं, असा निश्चय होऊन त्यांच्या मनास स्वस्थता लाभली. तीर्थयात्रांनीं जें साधलें नाहीं तें धर्मांतरानेंही आपोआप साधलें नाहीं, हा त्यांच्या अनुभवाचा विशेष होय. आणि म्हणूनच तो ख्रिस्ती वाचकालाही अंतर्मुख करणारा आहे.

रमाबाईंची दुसरी बाजूही येथें महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील आपल्या ख्रिस्ती शिक्षिकांचें म्हणणें त्यांनीं मुकाट्यानें मान्य केलें नाहीं. त्रैक्याच्या सिद्धान्तासंबंधीं आणि पंथाच्या अधिकारासंबंधीं त्यांनीं पत्रांतून निर्भीडपणें प्रश्न विचारले. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, या साध्या गोष्टीवरही त्या अडल्या. या स्वतंत्र वृत्तीची किंमत त्यांना दोन्ही बाजूंनीं द्यावी लागली. शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते या आक्षेपावरून १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले. तरी १८९१ चा अनुभव त्यांना निष्क्रिय करणारा ठरला नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. अखेरचीं वर्षें त्यांनीं बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं. केडगांवच्या स्त्रियांनींच त्याचे खिळे जुळविले, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, तें पूर्ण प्रसिद्ध झालें. दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहतां मुलीबाळींना स्वतः वाचतां यावें, हा त्यामागील हेतु होता. सावकाराच्या वहीची भीति ज्याला अक्षर येतें त्यालाच कमी वाटते. धर्मग्रंथाच्या बाबतींतही तेंच खरें.

आतां खोट्या शिकवणीची पारख कशी करावी, हा प्रश्न. नव्या करारांत शिमोन नांवाच्या जादुगाराची गोष्ट आहे. प्रेषितांनीं हात ठेवले कीं लोकांना पवित्र आत्मा मिळतो असें पाहून तो पैसे घेऊन आला, आणि ती शक्ति आपल्यालाही द्या म्हणाला. ईश्वराचें दान पैशानें मिळतें अशी तुझी समजूत असेल तर तुझे पैसे तुझ्यासह नाश पावोत, अशा अर्थाचें खरमरीत उत्तर पेत्रानें त्याला दिलें. ‘दिदाखे’ नांवाचें आरंभींच्या मंडळ्यांचें एक लहानसें ग्रीक हस्तपुस्तक आहे. त्याची पोथी १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली, आणि १८८३ सालीं तें छापलें गेलें. फिरत्या उपदेशकांविषयींचे त्यांतील नियम फार व्यवहारी आहेत. आलेल्या प्रेषिताचा सत्कार करावा; त्यानें एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावें; तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघतांना त्यानें पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यानें प्रेरित झालों असें सांगून कोणी स्वतःसाठीं द्रव्य मागेल तर त्याचें ऐकूं नये. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठीं मागत असेल तर त्याला दोष देऊं नये. गरीब मंडळीनें गरीब मंडळीसाठीं केलेले हे नियम आजही शिळे झालेले नाहींत.

खोटी शिकवण शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर आली, तर ती ग्रीक शब्द घेऊन येणार नाहीं. ती आजाऱ्याच्या खाटेपाशीं येईल. पोराचा ताप उतरत नाहीं, कारण तुझा विश्वास कमी आहे. अमुक रक्कम अर्पण कर म्हणजे आशीर्वाद मोकळा होईल. औषध घेणें म्हणजे देवावर संशय घेणें, अशीं तिचीं वाक्यें असतात. यांतील प्रत्येक वाक्यांत ‘विश्वास’ हाच शब्द आहे, आणि म्हणूनच तें ओळखण्यास कठीण जातें. परंतु नीट पाहिलें तर त्यांत विश्वासाचें रूपच पालटलेलें दिसतें. दान घेणारा हात जाऊन तेथें मोजून द्यावयाचें नाणें आलें; आणि तें कमी पडलें याचा दोष दुःखी माणसाच्याच माथीं बसला. आजारपणांत माणसाला आधार हवा असतो, तेथें त्याला देणेंकरी ठरविलें जातें. सावकाराची वही पुन्हां उघडली गेली. फक्त तिचें पुठ्ठें बदललें.

यांत जातो तो जीव. या डोंगराळ भागांत सर्पदंश ही पावसाळ्यांतील नित्याची भीति आहे, आणि त्यावर प्रतिविष वेळेवर टोंचणें हाच उपाय आहे. त्यासाठीं शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय गांठण्यास लागणारा वेळ फुकट घालविणें म्हणजे माणूस घालविणें. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्राच्या नादीं लावणें हा गुन्हा ठरविला आहे. करणारा कोणत्या धर्माचा, हें तो कायदा पाहत नाहीं. ख्रिस्ती परंपरेंतही औषधाला विरोध नाहीं. आजाऱ्यासाठीं प्रार्थना करा असें याकोबाचें पत्र सांगतें. दुखणेकऱ्यांना वैद्य लागतो, हें येशूनेंच सहज गृहीत धरलें आहे. आणि पौलाचा सोबती लूक हा वैद्यच होता. डॉ. विल्यम वॅनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय सुरू केलें तें विश्वास सोडून नव्हे. प्रार्थना आणि प्रतिविष यांत भांडण लावणारा उपदेशक या परंपरेचा वारस ठरत नाहीं.

याच कसोटीची दुसरी धारही विसरूं नये. तारण जर विकत देतां येत नसेल, तर विश्वासही विकत घेतां येत नाहीं. धान्य, शाळेची फी किंवा नोकरीचें आमिष दाखवून मिळविलेला होकार हा सौदा आहे. ज्या सिद्धान्ताच्या नांवानें तो केला जातो त्याच सिद्धान्तानें तो बाद ठरतो. भुकेल्याला अन्न द्यावें तें तो भुकेला आहे म्हणून. त्याच्याकडून नांव लिहून घेण्यासाठीं नव्हे. धर्मांतराविषयीं ज्यांच्या मनांत रास्त संशय असतो, त्यांच्या आणि या सिद्धान्तावर खरी निष्ठा असणाऱ्यांच्या भूमिकेंत या एका मुद्द्यापुरतें अंतर राहत नाहीं.

पारखीचे प्रश्न त्यामुळें थोडे आणि साधे आहेत. उपदेशक जें सांगतो तें मूळ ग्रंथांत आहे काय, हें ऐकणाऱ्याला स्वतः वाचून पाहूं दिलें जातें काय ? बिरुया नगरांतील लोकांनीं पौलाचेंही बोलणें रोज शास्त्रांत ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांना दोष न देतां ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत त्यांची प्रशंसा केली आहे. पैशाचा हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो काय ? प्रश्न विचारणाऱ्याला शापाची भीति घातली जाते काय ? आजाऱ्याला दवाखान्यांत नेण्यास कोणी पुढें होतो, कीं मागें ओढतो ? आणि शेवटचा प्रश्न : त्या मंडळींतून माणूस घरीं परततो तो हलका होऊन, कीं नव्या देण्याचें ओझें घेऊन ?

हे प्रश्न विचारण्यास पांडित्य लागत नाहीं, आणि ते केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरतेही नाहींत. ज्या घरांत कोणी आजारी आहे, कर्जांत आहे किंवा शोकांत आहे, त्या घराच्या दारीं आश्वासन घेऊन कोणी ना कोणी येतोच, मग तें घर पाड्यावरचें असो किंवा दादर-गिरगांवांतलें. त्याच्या हातीं आपलें धन आणि आपलीं माणसें सोंपविण्यापूर्वीं थोडें थांबून विचारणें हा श्रद्धेचा अभाव नव्हे. वेठबिगारीच्या कायद्यानें कर्ज नाहींसें केलें, आणि लगेच पुन्हां वसुली करणाऱ्यासाठीं शिक्षाही लिहून ठेवली; सुटका आणि तिची राखण हीं एकाच कायद्याचीं दोन कलमें झालीं. ‘केवळ विश्वासानें तारण’ या सिद्धान्ताबरोबर खोट्या शिकवणीविरुद्धचा इशारा दोन हजार वर्षें चालत आला आहे, तो याच कारणानें. ज्याला सुटका मौल्यवान वाटते, त्याला तिच्या दाराशीं जागें राहावेंच लागतें.